प्राचीन इजिप्तची कला : एका धान्य-व्यापाऱ्याच्या दृष्टीतून

यंदाच्या स्मरणिकेसाठी व्यापाराबाहेरील एखाद्या विषयावर लेख द्यावा, अशी संपादक मंडळाची सूचना आली तेव्हा मनात संकोच उत्पन्न झाला. माझे शिक्षण मॅट्रिकपर्यंतचे, आणि त्यानंतरची चाळीसहून अधिक वर्षे ठोक धान्याच्या पेढीवर गेली. तथापि लहानपणी बडोद्यास आप्तांकडे गेलो असता तेथील संग्रहालयात इजिप्तची ममी पाहिली होती. तेव्हापासून त्या देशाविषयी जे जे हाती येईल ते वाचण्याचा छंद लागला. त्या वाचनात एक गोष्ट ध्यानी आली, ती अशी की, इजिप्तची थडगी, देवळे, चित्रे व लाकडी सामान या सर्वांच्या मुळाशी आपल्या नित्य परिचयाची एक वस्तू आहे. ती म्हणजे धान्य. या एका अंगाने त्या कलेची ओळख करून द्यावी, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

नाईल नदी व खपली गहू

इजिप्त हा वाळवंटातील देश. पाऊस जवळजवळ नाहीच. परंतु प्राचीन काळी दरवर्षी उन्हाळ्याच्या अखेरीस नाईल नदीला पूर येई आणि ओसरताना तो दोन्ही काठांवर काळ्या गाळाचा थर सोडून जाई. त्या गाळात मुख्यत्वे दोन धान्ये पिकत : एक जव, आणि दुसरे ज्याला आपण खपली म्हणतो तो गहू. होय, आपल्या बेळगाव भागात आजही पिकणारी आणि हुग्गीसाठी व खिरीसाठी आवर्जून मागितली जाणारी खपली त्याच जातीची. कूस सहजी न सोडणारा, कांडावा लागणारा तो दाणा साडेचार हजार वर्षांपूर्वी पिरॅमिड बांधणाऱ्यांच्या भाकरीत होता, हे वाचले तेव्हा मला मोठे नवल वाटले.

त्या देशात नाण्यांचे चलन फार उशिरा आले. तोपर्यंत सरकारी देणे, कारागिरांचे वेतन, देवळांचे उत्पन्न, सारे काही धान्याच्या मापातच मोजले जाई. ज्याच्या कोठारात धान्य, त्याच्या हाती राज्य, असा तो प्रकार होता.

मातीची घरे, दगडाची थडगी

इजिप्तच्या वास्तुकलेचा विचार करताना एक भेद लक्षात ठेवावा लागतो. जिवंत माणसांची घरे, किंबहुना राजांचे वाडेसुद्धा, कच्च्या विटांचे असत. दगड वापरला जाई तो देवांसाठी आणि मृतांसाठी. म्हणून वाडे मातीस मिळाले आणि थडगी व देवळे राहिली.

दगडी बांधकामाचा पहिला मोठा प्रयोग सक्कारा येथे झाला. इ. स. पूर्व २६५० च्या सुमारास जोसर राजासाठी तेथे सहा टप्प्यांचा, सुमारे ६२ मीटर उंचीचा पिरॅमिड उभारला गेला. त्याची योजना इमहोटेप नावाच्या प्रधानाने केली, अशी परंपरा आहे. त्या काळच्या कारागिरांना लाकूड, बोरू व चटया यांची कामे ठाऊक होती, दगडाची नव्हती. म्हणून त्यांनी दगडातच जुन्या वस्तूंची नक्कल केली. तेथील खांब बोरूच्या जुड्या बांधल्यासारखे आहेत. प्रवेशमार्गावरील दगडी छत ताडाचे ओंडके रचल्यासारखे कोरलेले आहे. अर्धवट उघडे दिसणारे दरवाजे दगडाचे असून ते कधी मिटतही नाहीत आणि उघडतही नाहीत. भूमिगत दालनांच्या भिंतींवर निळ्या चकचकीत फरशा आहेत, त्या बोरूच्या चटईचा भास व्हावा म्हणून. नवे साधन हाती आले तरी माणूस प्रथम जुनीच घडण गिरवतो, हे आपणही आपल्या व्यवहारात पाहतोच.

पिरॅमिड हे कोठार होते काय?

सक्काऱ्यानंतर शंभर वर्षांच्या आत गिझा येथे खुफू राजाचा महान पिरॅमिड उभा राहिला. त्याच्या पायाची प्रत्येक बाजू सुमारे २३० मीटर, मूळ उंची १४६ मीटरांहून अधिक, आणि दगडांची संख्या अंदाजे तेवीस लाख. मध्ययुगीन युरोपात अशी समजूत होती की, बायबलातील योसेफाने दुष्काळासाठी बांधलेली धान्याची कोठारे म्हणजेच हे पिरॅमिड. व्हेनिस येथील सेंट मार्कच्या चर्चमध्ये तसे चित्रही आहे. धान्याचा कोणताही व्यापारी सांगेल की, एवढ्या भरीव दगडात चार अरुंद मार्ग व दालने काढून कोणी साठवण करीत नाही. ती समजूत चुकीचीच होती.

परंतु पिरॅमिड धान्यावर उभा राहिला, हे मात्र खरे. तांबड्या समुद्राच्या काठी वादी अल्-जर्फ येथे २०१३ साली फ्रेंच संशोधक पिएर ताले यांना खुफूच्या काळातील पपायरसची कागदपत्रे सापडली. लिहिलेल्या पपायरसांपैकी आजवर मिळालेली ही सर्वांत जुनी होत. त्यांत मेरेर नावाच्या मुकादमाची रोजनिशी आहे. तुरा येथील खाणीतून चुनखडीचे दगड नावांत भरून नदीने गिझास कसे नेले, कोणत्या दिवशी मुक्काम कोठे केला, याची ती नोंद होय. त्याच कागदांत धान्य व भाकरीचे हिशेबही आहेत. येणे किती, आले किती आणि बाकी किती, असे निरनिराळे रकाने पाडलेले, काळ्या व तांबड्या शाईने लिहिलेले. सर्वांत जुना लिखित पपायरस शोधावा आणि त्यात जमाखर्चाची वही निघावी, याचा आपणा व्यापाऱ्यांना थोडा अभिमान वाटला तर तो क्षम्य मानावा.

मेकेट्रेचे कोठार

आता शिल्पाकडे वळू. इ. स. पूर्व २००० च्या सुमारास थीब्ज येथे मेकेट्रे नावाचा मोठा अधिकारी होऊन गेला. त्याच्या थडग्यातील एक बंद कोनाडा १९२० साली हर्बर्ट विनलॉक यांना सापडला. त्यात लाकडाच्या २४ रंगीत प्रतिकृती होत्या : नावा, बाग असलेले घर, गुरांची मोजदाद, विणकरांचा माग, सुतारांचा कारखाना इत्यादी. मृत्यूनंतरही मालकास काही उणे पडू नये, ही त्यामागील श्रद्धा. या प्रतिकृती पुढे न्यूयॉर्क व कैरो येथील संग्रहालयांत वाटल्या गेल्या.

न्यूयॉर्ककडे गेलेल्या वस्तूंत धान्याचे एक कोठार आहे. त्याचे चारही कोपरे टोकदार वर काढलेले आहेत. चोर व उंदीर यांच्यापासून रक्षण व्हावे म्हणून ते तसे असावेत, असे विद्वान म्हणतात. आत दोन भाग. एका भागात साठवण, दुसऱ्यात कचेरी. पोती वाहणारी माणसे सहा, आणि मापणारी व लिहिणारी माणसे नऊ! हे वाचून मी मनसोक्त हसलो. हमालांपेक्षा कारकून अधिक, ही तक्रार चार हजार वर्षांची आहे तर!

थीब्जलाच दुसऱ्या रामसेसच्या रामेसियम देवळामागे खऱ्या कोठारांची रांग आजही पाहावयास मिळते. इ. स. पूर्व तेराव्या शतकातील हे बांधकाम. कच्च्या विटांच्या लांबट कमानी लाकडी आधाराशिवाय, विटांचे थर किंचित कलते ठेवून एकावर एक चढवलेल्या आहेत. लाकूड दुर्मीळ असलेल्या देशाने काढलेली ही युक्ती सुमारे सव्वातीन हजार वर्षे टिकून आहे. आपल्याकडे जमिनीत पेव खणून ज्वारी साठवीत, तिकडे जमिनीवर कमान बांधून खपली साठवीत. ओल व कीड यांच्याशी झगडा मात्र दोहोंकडे एकच.

घरातील लाकडी सामान

लाकूड दुर्मीळ म्हटले, त्याचे परिणाम सामानावर स्पष्ट दिसतात. देशात बाभूळ, झाऊ, उंबराच्या जातीचे झाड एवढेच काय ते. त्यांचे ओंडके आखूड व वाकडे. लांब फळ्यांसाठी लेबनॉनहून देवदार आणावा लागे आणि काळे आबनूस दक्षिणेकडून येई. स्नेफ्रू राजाच्या कारकिर्दीत देवदाराने भरलेल्या चाळीस नावा आल्याची नोंद पालेर्मो येथील शिलालेखात आहे. म्हणून तेथील सुतार लाकडाचा तुकडाही वाया दवडीत नसे. लहान लहान तुकडे खाच व कुसू घालून, लाकडी खुंट्या ठोकून व सरस लावून तो असे जोडी की सांधा नजरेस येऊ नये. हत्यारे तांब्याची व काशाची : वाकस, करवत, पटाशी. रंधा त्याला ठाऊक नव्हता. घासण्यासाठी तो वालुकाश्माचा दगड वापरी.

खुर्च्या व पलंग यांचे पाय सिंहाच्या किंवा बैलाच्या पायांसारखे कोरीत. विशेष म्हणजे पुढचे पाय जनावराच्या पुढच्या पायांसारखे व मागचे मागच्यांसारखे, आणि चारही एकाच दिशेस चालल्यागत. झोपताना उशीऐवजी लाकडी टेकण मानेखाली घेत. सामान्य जन चटईवर किंवा बुटक्या तिवईवर बसत. पाठीची खुर्ची हे प्रतिष्ठेचे लक्षण होते.

खुफूची माता हेतेफेरेस हिचे सामान १९२५ साली गिझा येथे जॉर्ज राइस्नर यांच्या पथकास एका खोल विहिरीसारख्या थडग्यात सापडले. लाकूड कुजून भुकटी झालेले, फक्त त्यावरील सोन्याचा पत्रा उरलेला. पत्र्याचा प्रत्येक तुकडा कोठे पडला होता हे टिपून घेऊन, त्यावरून पलंग, खुर्ची, पालखीची खुर्ची व छत्रीचा मांडव पुन्हा उभे करण्यात आले. त्याआधी १९२२ साली हॉवर्ड कार्टर यांनी शोधलेल्या तुतनखामेनच्या थडग्याची कथा सर्वश्रुतच आहे. त्यातील पाच हजारांहून अधिक वस्तूंत तीन घड्यांचा प्रवासी पलंगही आहे. हा संग्रह आता गिझाजवळील नव्या भव्य संग्रहालयात ठेवला असून ते संग्रहालय नोव्हेंबर २०२५ मध्ये पूर्णतः खुले झाले.

परंतु मला सर्वांत जवळचे वाटते ते खा व मेरित या दांपत्याचे सामान. खा हा राजांची थडगी खोदणाऱ्या कारागिरांचा प्रमुख. इ. स. पूर्व १४०० च्या सुमाराचे त्याचे थडगे १९०६ साली एर्नेस्तो स्कियापारेल्ली यांना अभंग सापडले आणि त्यातील वस्तू इटलीतील तुरिन येथे आहेत. पलंग, तिवया, पेट्या, कपडे, भाकरी, मेरितचा प्रसाधनाचा डबा, खाची मापपट्टी. त्याच्या खुर्चीवर हस्तिदंत व आबनूस यांचे जडावकाम दिसते. पण ते जडाव नसून रंगाने केलेला भास आहे! मोठ्या घरची रीत आपल्या घरी शोभावी, परंतु खर्च आवाक्यात राहावा, हा मध्यमवर्गीय विचार किती जुना आहे पाहा.

चित्रांची रीत

इजिप्तच्या चित्रांतील माणसे आपल्याला चमत्कारिक वाटतात : चेहरा बाजूने, डोळा समोरून, खांदे समोरून, पाय पुन्हा बाजूने. हे अज्ञान नव्हे. प्रत्येक अवयव ज्या बाजूने पूर्ण दिसेल त्या बाजूने तो काढावा, असा नियम होता. कारण चित्र शोभेसाठी नसून परलोकी उपयोगी पडावे यासाठी होते. भिंतीवर तांबड्या रेघांनी चौकोन आखीत आणि उभ्या माणसास तळपायापासून कपाळावरील केसांपर्यंत अठरा चौकोन देत. मालक मोठा, नोकर लहान, हे प्रमाण मानाप्रमाणे ठरे.

राजाच्या शेतांचा लेखनिक मेन्ना याच्या थडग्यात उभे पीक दोरीने मोजणे, मळणी, उफणणी, राशीचे माप, लेखनिकांची रांग, हे सर्व क्रमवार रंगविले आहे. मध्येच एक मुलगी दुसरीच्या पायातील काटा काढीत आहे. ठिकठिकाणी मेन्नाच्या चित्राचे डोळे मात्र कोणीतरी मुद्दाम खरवडून टाकलेले आहेत. ज्याने खरवडले त्याचे नाव कोणास ठाऊक नाही. पण मोजणाऱ्या माणसाच्या डोळ्यांवर राग निघावा, हे मला अर्थपूर्ण वाटते. आमेनेमोपे नावाच्या उपदेशग्रंथात धान्याच्या मापात लबाडी करू नये, असे निक्षून सांगितले आहे. मृताचे हृदय तराजूत एका पिसासमोर तोलले जाते, हे चित्र तर तेथील पपायरसांवर वारंवार येते. तराजूजवळ एक देव काटा पाहतो आणि दुसरा देव निकाल लिहून घेतो.

थकलेले वेतन

आता अखेरची हकीकत. राजांची थडगी रंगविणारे कारागीर देर अल्-मदीना या गावी राहत. सामान्य कारागिराचे मासिक वेतन म्हणजे खपली चार खार व जव दीड खार. एक खार सुमारे ७६ लिटरांचा. तिसऱ्या रामसेसच्या कारकिर्दीच्या २९ व्या वर्षी, म्हणजे इ. स. पूर्व ११५५ च्या आसपास, हे धान्य वेळेवर येईना. तेव्हा त्या कारागिरांनी काम थांबविले, गाव सोडून ते देवळांमागे जाऊन बसले, आणि पुढे रामेसियममध्ये शिरले; जेथे कोठारे होती तेथेच. आपण भुकेले आहोत, हे त्यांचे गाऱ्हाणे एका लेखनिकाने लिहून ठेवले. तो पपायरस आज तुरिनमध्ये आहे. लेखी नोंद असलेला हा जगातील पहिला संप समजला जातो. अखेरीस थकलेले धान्य त्यांना द्यावे लागले.

हे वाचताना मला माझीच एक चूक आठवली. सुमारे तीस वर्षांपूर्वी एका हंगामात माझी मोठी रक्कम एका खरेदीदाराकडे अडकली. मी हमालांची हमाली प्रथम एक आठवडा, मग आणखी एक आठवडा पुढे ढकलली. तिसऱ्या आठवड्यात एक वयस्क हमाल, ज्यांना आम्ही सारे मामा म्हणत असू, वखारीच्या पायरीवर येऊन बसले. त्यांनी आकडा हाती घेतला नाही. मी कारण विचारले, तेव्हा म्हणाले, "सावकार, घरात दळण नाही." वखारीत त्या दिवशी छपरापर्यंत ज्वारीची पोती रचलेली होती. मला मान वर करवेना. दुपारीच व्याजाने रक्कम उचलली आणि सर्वांची हमाली चुकती केली. त्या दिवसापासून आमच्या पेढीवर शनिवारी पहिले देणे हमालांचे, नंतर इतरांचे, असा नियम आहे, आणि माझे चिरंजीवही तो पाळतात.

इजिप्तची चित्रे पाहताना आपण राजांची नावे लक्षात ठेवतो, ते स्वाभाविकच आहे. परंतु त्यांतील रंग, सांधे व कमानी ज्यांच्या हातच्या, त्यांच्या घरी महिन्याचे माप पोचत होते तोवरच ते काम चालले. वाचकांपैकी ज्यांना बडोद्यास किंवा अन्यत्र अशा वस्तू पाहण्याचा योग येईल, त्यांनी मुलाबाळांना सोबत न्यावे आणि सोन्याबरोबर मेकेट्रेच्या कोठारातील त्या सहा हमालांची व नऊ कारकुनांची गोष्टही त्यांना अवश्य सांगावी, एवढीच विनंती.