हृदयाला ठोक्यांचा कोटा असतो का?

पन्हाळ्यावरच्या एखाद्या घरात धान्याच्या डब्यामागे दडणारा लहानसा उंदीर आणि त्याच कोल्हापूर जिल्ह्यात आजरा-चंदगडच्या रानात वावरणारा हत्ती, या दोघांच्या हृदयांचा हिशेब मांडला तर चकित व्हायला होतं. उंदराचं हृदय मिनिटाला 600च्या आसपास ठोके देतं आणि तो फार तर तीन वर्षं जगतो. हत्तीचे ठोके 30, आयुष्य साठ वर्षांचं. दोन्हीकडे गुणाकार केला की उत्तर येतं सुमारे 95 कोटी. माणसाला श्वास मोजून मिळतात, असं आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या म्हटलं जातं. त्यामुळे प्रत्येक प्राण्याला ठोक्यांचा कोटा ठरलेला असतो आणि तो संपला की आयुष्य संपतं, ही कल्पना चटकन पटते. जर्मन शरीरशास्त्रज्ञ माक्स रुबनर यांनी 1908 मध्ये गिनीपिग, मांजर, कुत्रा, गाय आणि घोडा यांची तुलना करून अशाच विचाराचा पाया घातला. दर ग्रॅम वजनामागे आयुष्यभरात खर्च होणारी ऊर्जा या प्राण्यांत जवळपास सारखी निघाली. माणूस मात्र तेव्हाही त्या हिशेबात बसला नव्हता. ठोक्यांतही तेच: मिनिटाला सत्तर ठोक्यांनी सत्तर वर्षं मोजली तर आपले ठोके अडीचशे कोटींच्या वर जातात.

आकडे खरे असले तरी त्यांच्यावरून काढलेला कार्यकारणभाव तपासायलाच हवा. सस्तन प्राण्याचं हृदय त्याच्या वजनाच्या साधारण अर्धा-पाऊण टक्का भरतं, मग तो उंदीर असो की हत्ती. लहान शरीराला दर ग्रॅममागे ऊर्जा जास्त लागते आणि हृदय त्या प्रमाणात मोठं नसतं, म्हणून ते भराभर चालतं. वजन 16 पट झालं की ठोके साधारण निम्मे होतात. आयुष्यही आकाराबरोबरच वाढतं, 16 पट वजनाला ढोबळमानाने दुप्पट. एक निम्मं, दुसरं दुप्पट, मग गुणाकार तोच राहणार! ठोके आणि आयुष्य ही दोन्ही शरीराच्या आकारामागे चालत असतील, तर त्यांतलं एक दुसऱ्याला घडवतं असं म्हणायला आधार उरत नाही.

ठोक्यांच्या कोट्याची खरी परीक्षा सारख्याच वजनाच्या प्राण्यांत होते. पन्हाळ्याच्या अंबरखान्यात गंगा, यमुना आणि सरस्वती या कोठ्यांत गडाचं धान्य साठवलं जाई. अशा कोठारांशी उंदीर आणि पारवा या दोघांचंही नातं जुनं. मोठा उंदीर आणि पारवा वजनाने जवळपास सारखेच, साधारण तीनशे ग्रॅमचे. हा मोठा उंदीर जास्तीत जास्त पाच वर्षांच्या आसपास जगतो, तर पाळलेला पारवा 35 वर्षांपर्यंत. पारव्याचे ठोके या मोठ्या उंदराच्या निम्म्याहून कमी, विसाव्यात दीडशेच्या आसपास धरले तरी त्याची बेरीज उंदराच्या तिप्पट होते आणि उडताना तर त्याचे ठोके कितीतरी वाढतात. सैबेरियात अवघ्या सात ग्रॅमचं एक वटवाघूळ किमान 41 वर्षं जगल्याची नोंद आहे. वटवाघळं हिवाळी झोपेत ठोके वाचवतात, असा आक्षेप इथे रास्त आहे. पण पारवा कुठे महिनोन्‌महिने झोपतो? अपवादांनी सरासरी खोटी ठरत नाही, असंही कुणी म्हणेल. तेही मान्य. सरासरी सांगायला तो हिशेब उत्तमच आहे. पण पक्षी आणि वटवाघळं हे दोन अख्खे गटच ज्याला जुमानत नाहीत, तो आयुष्याचा नियम कसा म्हणावा?

सगळ्यात वजनदार आक्षेप माणसांबद्दलचा आहे. विसाव्यात ज्यांचे ठोके जास्त, त्यांचा मृत्यू तुलनेने लवकर होतो, हे अमेरिकेतल्या फ्रेमिंगहॅम गावच्या दीर्घ आरोग्य-पाहणीत दिसलंच आहे. पण व्यायामाचा अभाव, धूम्रपान, लपलेला आजार, यांतल्या कशानेही ठोके वाढतात आणि आयुष्यही घटतं. मग फक्त ठोकेच कमी केले तर? इव्हाब्रॅडिन हे औषध मुख्यतः तेवढंच करतं. हृदयाच्या धमन्यांचा आजार असलेल्या, पण हृदयाची ताकद न खालावलेल्या 19,102 रुग्णांवरच्या चाचणीचे निष्कर्ष 2014 मध्ये आले. ठोके मिनिटाला दहाएक कमी झाले, मृत्यू आणि हृदयविकाराचे झटके मात्र कमी झाले नाहीत. त्याआधी 2010 मध्ये याच औषधाने दुर्बळ झालेल्या हृदयांच्या रुग्णांना फायदा दिला होता. दोन ठोक्यांमधला वेळ वाढला, की हृदयाला रक्ताने भरायला आणि त्याच्या स्नायूला रक्तपुरवठा व्हायला जास्त सवड मिळते. ही सवड कमजोर हृदयाला हवी होती, ताकद टिकून असलेल्या हृदयाला तिची फारशी गरज नव्हती.