न्याय कुणी करायचा? जुने सामाजिक चित्रपट, डाकूपट आणि मारधाडपट

जुना सिनेमा आवडीने पाहणाऱ्यांच्या गप्पांत तीन प्रकारांचा विषय हमखास निघतो : रडवणारा सामाजिक चित्रपट, घोडे आणि बंदुकांचा ‘वेस्टर्न’ आणि मारधाडीचा सिनेमा. वरवर पाहता या तिन्हींचा एकमेकांशी संबंध नाही. एकात आई आणि सावकार असतो, दुसऱ्यात ओसाड माळ आणि धूळ, तिसऱ्यात ठोसे आणि पाठलाग. तरीही एकाच प्रेक्षकाला हे तिन्ही आवडतात, कारण त्यांच्या मुळाशी प्रश्न एकच आहे. कायदा लांब असेल, किंवा जवळ असूनही गप्प बसला असेल, तर न्याय कुणी करायचा? या प्रश्नाला हॉलिवूडने, हिंदी सिनेमाने आणि मराठी सिनेमाने वेगवेगळी उत्तरे दिली. ती शेजारी ठेवून पाहिली की जुन्या चित्रपटांची गोडी कशात आहे ते कळते.

तंबूतला प्रेक्षक

बीड जिल्ह्याच्या केज तालुक्यातले नांदूरघाट किंवा बालाघाटाच्या डोंगररांगेतली तशीच इतर गावे पक्क्या चित्रपटगृहांपासून दूर. ग्रामीण महाराष्ट्रात अशा भागांपर्यंत सिनेमा पोचला तो फिरत्या टॉकीजमधून. ट्रकवर प्रोजेक्टर आणि तंबू लादून हे टॉकीजवाले जत्रा-उरुसांच्या मागे गावोगाव फिरत. दिवसभर लाउडस्पीकरवर पुकारा व्हायचा, अंधार पडला की खेळ सुरू व्हायचा, प्रेक्षक जमिनीवर बसायचे. रीळ बदलताना किंवा तुटलेली फिल्म जोडताना खेळ थांबायचा आणि तेवढ्या वेळात तंबूत शिट्ट्यांचा गोंधळ उडायचा. गजेंद्र अहिरे यांचा ‘टुरिंग टॉकीज’ (2013) हा मराठी चित्रपट आणि शर्ली अब्राहम व अमित मधेशिया यांचा ‘द सिनेमा ट्रॅव्हलर्स’ (2016) हा माहितीपट या व्यवसायाचे अखेरचे दिवस दाखवतात. यातला दुसरा कान महोत्सवात दाखवला गेला.

नव्या चित्रपटाच्या प्रिंटचे भाडे तंबूवाल्याला परवडत नसे. शहरात चालून झालेली, ओरखडे पडलेली प्रिंट त्याच्या वाट्याला येई. त्यामुळे ‘जुना सिनेमा’ हा ग्रामीण प्रेक्षकाचा रोजचाच सिनेमा होता. ‘शोले’सारखे चित्रपट अशा प्रेक्षकांनी वर्षानुवर्षे, पुन्हा पुन्हा पाहिले, आणि जे पुन्हा पाहवत नाही ते आपोआप मागे पडले. तंबूतली ही निवड समीक्षकांच्या निवडीइतकीच कडक होती.

मराठवाड्याच्या बाबतीत आणखी दोन गोष्टी लक्षात घ्याव्या लागतात. हा प्रदेश 17 सप्टेंबर 1948 पर्यंत हैदराबाद संस्थानात होता. तिथला सरकारी कारभार उर्दूत चाले, त्यामुळे हिंदी चित्रपटांतले जोरकस, उर्दूमिश्रित संवाद इथल्या कानाला परके नव्हते. शिवाय 1947-48 मध्ये रझाकारांच्या सशस्त्र टोळ्यांचा जाच या भागाने सोसला होता. गावावर चालून येणारी टोळी आणि घाबरून दारे लावून घेणारे गाव हे दृश्य इथल्या वडीलधाऱ्या पिढीसाठी केवळ पडद्यावरचे नव्हते.

सावकार, आई आणि बंदूक

भारतीय सामाजिक चित्रपटाची पायाभरणी कोल्हापुरात झाली. बाबूराव पेंटर यांनी 1925 मध्ये ‘सावकारी पाश’ हा मूकपट काढला. कर्जात जमीन गमावलेला शेतकरी आणि त्याचे शहराकडे ढकलले जाणे हा त्याचा विषय. तरुण शेतकऱ्याची भूमिका व्ही. शांताराम यांनी केली होती. पौराणिक चमत्कारांच्या त्या काळात शेतकऱ्याचे कर्ज हा चित्रपटाचा विषय होऊ शकतो, हेच नवे होते. पेंटरांनी 1936 मध्ये त्याच कथेवर बोलपट केला.

हाच सावकार पुढे मेहबूब खान यांच्या ‘मदर इंडिया’मध्ये (1957) सुखीलाला होऊन येतो. इथे कथेला बंदूक जोडली गेली. सावकाराच्या वह्यांचा राग मनात घेऊन वाढलेला बिरजू डाकू होतो, सावकाराला मारतो आणि त्याच्या मुलीला पळवून नेऊ लागतो, तेव्हा आईच त्याच्यावर गोळी झाडते. ‘गंगा जमना’मध्ये (1961) पोलीस झालेला धाकटा भाऊ डाकू झालेल्या थोरल्यावर गोळी चालवतो. ‘दीवार’मध्ये (1975) हीच भावंडे मुंबईत येतात आणि थोरला गोदीतल्या हमालीवरून तस्करीकडे जातो. तिन्ही चित्रपटांत अन्याय खरा आहे आणि चिडलेला मुलगा प्रेक्षकाच्या मनात बसतो, तरी शेवटी घरातलेच कुणीतरी कायद्याच्या बाजूने उभे राहते. न्यायाची किंमत रक्ताच्या नात्यात मोजायला लावणे ही या चित्रपटांची खरी ताकद. त्यांना नुसते ‘रडके’ म्हणून बाजूला सारणाऱ्याला ती दिसत नाही.

वेस्टर्न म्हणजे काय

वेस्टर्न हा अमेरिकेचा स्वतःचा प्रकार. एकोणिसाव्या शतकात गोरे वसाहतकार पश्चिमेकडे सरकत गेले, तिथल्या मूळ रहिवाशांच्या जमिनी बळकावल्या गेल्या, आणि नव्या वस्त्यांत कायदा पोचण्याआधी बंदूक पोचली. या काळाच्या दंतकथा म्हणजे वेस्टर्न. एडविन पोर्टर यांचा ‘द ग्रेट ट्रेन रॉबरी’ (1903) हा त्याचा सुरुवातीचा गाजलेला नमुना. जॉन फोर्ड यांच्या ‘स्टेजकोच’ने (1939) त्याला प्रतिष्ठा दिली. मूळ रहिवाशांना निव्वळ शत्रू म्हणून रंगवणे हा या प्रकारातला मोठा दोष, आणि आज हे चित्रपट पाहताना तो नजरेआड करता येत नाही.

ठरावीक कथेतूनही किती खोल जाता येते ते फ्रेड झिनेमान यांच्या ‘हाय नून’ने (1952) दाखवले. गुंडांचा म्होरक्या दुपारच्या गाडीने येणार आहे आणि गावाचा मार्शल दारोदार मदत मागतो आहे. ज्यांच्यासाठी तो आजवर लढला तेच लोक सबबी सांगतात. तो जवळजवळ एकटाच लढतो, जिंकतो आणि आपला बिल्ला धुळीत फेकून गाव सोडतो. शत्रूपेक्षा गावाचे गप्प बसणे जास्त भयंकर, हे या चित्रपटाने जसे सांगितले तसे फार थोड्यांनी सांगितले आहे.

1960च्या दशकात इटलीच्या सर्जिओ लिओने यांनी या प्रकाराचा चेहरा बदलला. ‘अ फिस्टफुल ऑफ डॉलर्स’ (1964) ते ‘वन्स अपॉन अ टाइम इन द वेस्ट’ (1968) या त्यांच्या चित्रपटांत नायकही स्वार्थी आहे, चेहरे पडदाभर मोठे दिसतात, शांतता लांबत जाते आणि एन्यो मोरिकोने यांचे संगीत पात्रासारखे वावरते. भारतीय दिग्दर्शकांनी शिकवणी घेतली ती मुख्यतः इथून. जपानच्या अकिरा कुरोसावा यांचा ‘सेव्हन सामुराई’ही (1954) या वंशावळीत येतो. भाडोत्री लढवय्यांनी गाव वाचवण्याची त्याची कथा ‘द मॅग्निफिसंट सेव्हन’ (1960) मार्गे जगभर गेली.

चंबळ ते रामगढ

हिंदीत घोडेस्वार गुंडाची जागा डाकूने घेतली, कारण चंबळच्या खोऱ्यात तो खराखुरा होता. या डाकूंच्या प्रश्नाला पहिले मोठे अहिंसक उत्तर दिले ते एका मराठी माणसाने. मे 1960 मध्ये विनोबा भावे यांच्यापुढे चंबळच्या अनेक डाकूंनी शस्त्रे ठेवली. त्याच वर्षीच्या ‘जिस देश में गंगा बहती है’मध्ये डाकूंची शरणागती पडद्यावर दिसली, आणि ‘मुझे जीने दो’ने (1963) डाकूच्या संसाराची ओढ दाखवली. राज खोसला यांच्या ‘मेरा गाँव मेरा देश’पासून (1971) मात्र सूर पालटला. तिथला डाकू जब्बर सिंग पश्चात्ताप करत नाही, आणि गावाला वाचवायला बाहेरचा तरुण लागतो.

या साऱ्याचा कळस म्हणजे 15 ऑगस्ट 1975 रोजी प्रदर्शित झालेला ‘शोले’. पटकथाकार सलीम-जावेद यांनी लिओने आणि कुरोसावा दोघांकडून घेतले, पण मांडणी आपल्या मातीची केली. कथेतले रामगढ हे गाव कर्नाटकातल्या रामनगरजवळच्या खडकांत उभे राहिले, आणि रेल्वेवरच्या लुटीचे थरारक दृश्य पनवेलजवळ चित्रित झाले. त्यात मराठी हातही मोलाचे होते : कालिया साकारणारे विजू खोटे, अहमदच्या छोट्या भूमिकेतले सचिन पिळगावकर आणि संकलक माधव शिंदे. संकलनासाठी शिंदे यांना फिल्मफेअर पुरस्कार मिळाला, आणि त्या वर्षी तेवढाच एक या चित्रपटाच्या वाट्याला आला. मुंबईच्या मिनर्व्हामध्ये ‘शोले’ पाच वर्षे चालला. त्याच्या संवादांच्या तबकड्या निघाल्या, आणि सिनेमा न पाहिलेल्या गावांतही त्यातला डाकू गब्बर लाउडस्पीकरवरून पोचला.

मूळ शेवटात माजी पोलीस अधिकारी ठाकूर गब्बरला पायांनी तुडवून ठार करतो. तेव्हा देशात आणीबाणी होती. अशा माणसाने कायदा हातात घेणे सेन्सॉरला मान्य झाले नाही, म्हणून ऐन वेळी पोलीस येऊन गब्बरला ताब्यात घेतात असा शेवट जोडावा लागला. न्याय कुणी करायचा या प्रश्नाचे उत्तर इथे सरकारने लिहून दिले. मूळ शेवट असलेली दुरुस्त प्रत जून 2025 मध्ये इटलीतल्या बोलोन्या इथे दाखवली गेली. तो मूळ शेवट कथेशी जास्त प्रामाणिक आहे.

मारधाडीचे मराठी घराणे

मारधाडपटाला हलके समजण्याची पद्धत जुनी आहे, पण त्याचा इतिहास मोठा आहे. कोल्हापूरच्या महाराष्ट्र फिल्म कंपनीतून पुढे आलेले मास्टर विठ्ठल हे मूकपटांच्या काळातले सर्वांत लोकप्रिय साहसवीरांपैकी एक. तलवारबाजी आणि उड्यांमुळे त्यांना हॉलिवूडच्या साहसवीराच्या नावावरून भारताचे डग्लस फेअरबँक्स म्हणत. पहिला भारतीय बोलपट ‘आलम आरा’ (1931) आला तेव्हा नायक म्हणून त्यांनाच घेतले गेले. वाडिया मूव्हीटोनच्या ‘हंटरवाली’ने (1935) चाबूक हाती घेतलेली नायिका नादिया दाखवली, आणि बाईसुद्धा अन्यायाचा हिशेब चुकता करते हे पिटातल्या प्रेक्षकाने टाळ्यांनी मान्य केले. गिरणी कामगाराच्या घरातून आलेले भगवान पालव, म्हणजेच भगवानदादा, ‘अलबेला’च्या (1951) आधी कमी खर्चाचे स्टंटपट काढत, आणि कष्टकरी वर्ग ते उचलून धरी.

त्या काळात तारांचे आणि संगणकाचे साहाय्य नव्हते. उडी खरी होती, घोडा खरा होता, मारही कधी खरा लागत असे. जुनी मारामारी आज ओबडधोबड दिसली तरी अंगावर येते, कारण माणसाच्या शरीराचे वजन त्यात जाणवते. मूकपटांच्या आणि सुरुवातीच्या स्टंटपटांच्या बहुतेक प्रती मात्र नष्ट झाल्या. 1964 मध्ये पुण्यात राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय स्थापन झाले तोवर फार उशीर झाला होता.

मारधाडीला विचाराची जोड देणारा चित्रपट म्हणजे गोविंद निहलानी यांचा ‘अर्धसत्य’ (1983). श्री. दा. पानवलकर यांच्या कथेवर विजय तेंडुलकरांनी पटकथा लिहिली. गुंड रामा शेट्टीच्या भूमिकेत सदाशिव अमरापूरकरांनी एकदाही आवाज न चढवता दहशत उभी केली. इथला पोलीस अधिकारी शेवटी गुंडाला मारतो आणि स्वतः पोलिसांच्या हवाली होतो. ‘शोले’च्या बदललेल्या शेवटाने जे झाकले, ते इथे उघडे केले आहे.

बंदुकीविना सामना

मराठी ग्रामीण चित्रपटात घोडेस्वार टोळ्या क्वचितच आल्या. महेश कोठारे यांच्या ‘धडाकेबाज’मधला (1990) कवठ्या महाकाळ हा त्यातला गाजलेला अपवाद. एरवी इथला खलनायक वाड्यात राहतो, फेटा बांधतो आणि गावाशी गोड बोलतो. अनंत माने यांच्या ‘सांगत्ये ऐका’मध्ये (1959) पाटलाचे अत्याचार तमाशाच्या फडावर, साऱ्या गावासमोर मांडले जातात. हा चित्रपट पुण्याच्या विजयानंदमध्ये 131 आठवडे चालला. भाषेने हिंदी, पण मराठी मातीतल्या असलेल्या व्ही. शांताराम यांच्या ‘दो आँखे बारह हाथ’ने (1957) सहा खुनी कैद्यांना विश्वासावर शेतीकामाला लावले. त्याची प्रेरणा औंध संस्थानातल्या, आटपाडीजवळच्या स्वतंत्रपूरच्या खुल्या तुरुंगातून आली आणि कथा ग. दि. माडगूळकरांनी लिहिली.

आणि मग जब्बार पटेल यांचा ‘सामना’. 1975 च्या बर्लिन महोत्सवाच्या स्पर्धेत तो होता, म्हणजे ‘शोले’चा समकालीन. त्याची सुरुवात अगदी वेस्टर्नसारखी आहे : एका बलदंड माणसाच्या मुठीत असलेल्या गावात कुणी अनोळखी येतो. पण हा अनोळखी म्हणजे दारूच्या आहारी गेलेला म्हातारा मास्तर (श्रीराम लागू), आणि गावाचा धनी आहे सहकारी साखर कारखान्याच्या जोरावर मोठा झालेला हिंदुराव (निळू फुले). मास्तराकडे बंदूक नाही, एकच प्रश्न आहे. मारुती कांबळे नावाचा माजी सैनिक कुठे गेला? ‘हाय नून’मधल्या गावासारखेच हे गावही गप्प असते. मास्तर विचारत राहतो, आणि हिंदुरावच्या सत्तेचा पाया हलू लागतो. तेंडुलकरांच्या या पटकथेत एकही ठोसा न लगावता मारधाडपटाइतका ताण आहे. ऊसतोडीसाठी दरवर्षी हजारो कुटुंबे परगावी जाणाऱ्या बीडसारख्या जिल्ह्यात साखर कारखानदाराची सत्ता म्हणजे काय, हे वेगळे समजावून सांगावे लागत नाही.

तिन्ही प्रकारांतले उत्तम चित्रपट एकत्र ठेवले तर निवाडा करणे अवघड नाही. वेस्टर्नने एकट्या माणसाचे धैर्य दाखवले, हिंदी डाकूपटाने आणि मारधाडपटाने घर आणि कायदा यांच्यातली फाटाफूट दाखवली, आणि मराठी चित्रपटाने सांगितले की गावाने तोंड उघडले तर बंदूक लागत नाही. थराराच्या बाबतीत ‘शोले’ला तोड नाही. विचाराच्या बाबतीत ‘सामना’ त्याच्या पुढे आहे. नव्या प्रेक्षकाने जुन्या सिनेमाची सुरुवात या दोन चित्रपटांनी करावी, आणि ते लागोपाठ पाहावेत.