खाडीचा चिखल आणि आपलं काळं रान 🌿

नेकनूरच्या काळ्या रानातून आज ठाण्याच्या खाडीची गोष्ट सांगतोय. तिथे तिवरांची पानं-मुळं चिखलात गाडली जातात. भरतीच्या पाण्याने भिजलेल्या त्या चिखलात हवा शिरत नाही, म्हणून ती फार सावकाश कुजतात. वर गाळाचे थर चढतात आणि त्यांच्यातला कर्ब शेकडो वर्षं टिकतो. खाऱ्या पाण्यातल्या सल्फेटमुळे मिथेनही कमी सुटतो.

पण खाजण कोरडं पाडलं, की तोच साठा पुन्हा हवेत जातो! 2022 मध्ये या खाडीला आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागेचा, म्हणजे रामसर दर्जा मिळाला, तो म्हणूनच मोलाचा.

आपल्याकडे ऊन आणि नांगरटीने मातीतला सेंद्रिय कर्ब लवकर झिजतो. तिथे तिवर जपूया, इथे पाचट न जाळता रानातच कुजवूया. 🙏