अपडेट फसलेलं एसटी-लिंक पुन्हा चालू करताना

ग्रँट रोड स्टेशनला पूर्वेकडे उतरून लॅमिंग्टन रोडवर, म्हणजेच डॉ. दादासाहेब भडकमकर मार्गावर आलं, की इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानांत पेनड्राइव्हएवढं एसटी-लिंक व्ही-२ मिळतं. मायक्रोकंट्रोलरमध्ये प्रोग्राम भरायचा, तो हवा तिथे थांबवून चूक शोधायची, हे त्याचं काम. फर्मवेअर अपडेट होताना केबल हलली की ते गप्प होतं आणि पुष्कळ विद्यार्थी ते थेट कचऱ्यात टाकतात. तसं करू नका. बहुतेक वेळा ते शाबूत असतं.

शाबूत कसं?

आत एसटीएम३२एफ१०३ जातीची चिप असते. तिच्या मेमरीतल्या पहिल्या १६ केबीत बूटलोडर, म्हणजे नवं फर्मवेअर भरून घेणारा छोटा प्रोग्राम, राहतो आणि अपडेट त्याच्या पुढच्या जागेत लिहिलं जातं. त्यामुळे काम अर्ध्यावर तुटलं तरी बूटलोडरला धक्का लागत नाही.

आधी केबल, पोर्ट, सॉफ्टवेअर

एक्स्टेन्शन केबल किंवा हब असेल तर काढा. नुसत्या चार्जिंगच्या केबलमधून डेटा जात नाही. लिनक्सवर यूएसबीच्या यादीत ०४८३:३७४८ हा क्रमांक दिसला, की अर्धं काम झालं. एसटीएम३२क्यूब (क्यूब) किंवा काइल यांसारखं प्रोग्रामिंगचं सॉफ्टवेअर उघडं असेल तर बंद करा, कारण ते एसटी-लिंक अडवून ठेवतं. मग एसटी-लिंक काढून पुन्हा लावा आणि लगेच एसटी कंपनीचा अपडेट प्रोग्राम चालवा. ‘डीएफयू मोडमध्ये नाही’ असा संदेश आला तर घाबरू नका. काढून पुन्हा लावा, एवढाच त्याचा अर्थ.

यादीत काहीच नसेल तर

पत्र्याचं आवरण सरकवा आणि मल्टिमीटरने ३.३ व्होल्ट येतात का पाहा. येत नसतील तर दोष फर्मवेअरचा नाहीच.

येत असतील तर दुसरं, चालू एसटी-लिंक लागेल. ३.३ व्होल्ट, ग्राउंड, एसडब्ल्यूडीआयओ आणि एसडब्ल्यूसीएलके या चार तारा जोडा. बिघडलेलं त्या वेळी यूएसबीला लावू नका; वीज एकाच बाजूने जाऊ द्या.

इथे मात्र थांबून विचार करा. चिपला वाचनबंदीचं कुलूप असतं. ते काढल्याशिवाय नवं काही भरता येत नाही, पण काढलं की बूटलोडरसकट सगळी मेमरी पुसली जाते, आणि कंपनी तो बूटलोडर सुटा देत नाही. त्यानंतर ब्लॅक मॅजिक प्रोबचं मुक्त फर्मवेअर भरता येतं. ते जीडीबी या डीबगरबरोबर छान चालतं, पण क्यूब त्याला एसटी-लिंक म्हणून ओळखत नाही.

म्हणून कुलूप काढण्याआधी मागच्या पायऱ्या दुसऱ्या कॉम्प्युटरवर पुन्हा करून पाहा. आणि प्रोजेक्टचं सामान घेतानाच एसटी-लिंक दोन घ्या.