विरोधकाचा प्रश्न आणि सहा विद्यार्थी

महाविद्यालयांतून विद्यार्थ्यांची मंडळे पुष्कळ निघतात आणि त्यांतील बरीचशी दोन-चार वर्षांत विरूनही जातात. धर्माच्या नावाने एकत्र येणाऱ्या तरुणांच्या मंडळांकडे आपण शिक्षक मंडळी बहुधा दोनच दृष्टींनी पाहतो. कोणी त्यांचे कौतुक करतो, कारण मुले वाईट संगतीपासून दूर राहतात. कोणी त्यांच्याविषयी साशंक असतो, कारण अशा मंडळाभोवती हळूहळू कुंपण उभे राहते आणि कुंपणापलीकडचा माणूस परका ठरतो. दोन्ही मतांत तथ्य आहे. परंतु श्रद्धा आणि स्नेह यांच्या बळावर जमलेल्या तरुणांच्या हातून तिसरेही काही घडू शकते. ते कसे घडते हे पाहायचे असेल, तर १८३३ साली पॅरिसमध्ये एकत्र आलेल्या सहा कॅथलिक विद्यार्थ्यांची हकीकत समजून घेण्यासारखी आहे.

१८३० च्या जुलै क्रांतीने फ्रान्समधील बूर्बाँ घराण्याची सत्ता संपली. चर्च हे त्या जुन्या सत्तेचे सोबती मानले जात असल्यामुळे सुशिक्षितांच्या मनात धर्माविषयी रोष होता. विद्यापीठात श्रद्धावान विद्यार्थी म्हणजे मागासलेला, असा समज रूढ होता. अशा पॅरिसमध्ये १८३१ च्या नोव्हेंबरात फ्रेडरिक ओझानाम हा अठरा वर्षांचा मुलगा लिआँहून कायदा शिकण्यासाठी आला. वडील डॉक्टर, गोरगरिबांच्या घरी जाऊन उपचार करणारे. त्याच महिन्यात लिआँच्या रेशीम विणकरांनी उठाव केला होता. विणकामाच्या मजुरीचे जे दर ठरले होते ते व्यापाऱ्यांनी पाळावेत, एवढीच त्यांची मागणी होती. पॅरिसमध्ये ओझानामला आसरा मिळाला तो आंद्रे मारी अँपिअर यांच्या घरी. विद्युत्प्रवाहाचे एकक ज्यांच्या नावाने आज प्रत्येक शाळेत शिकवले जाते तेच हे शास्त्रज्ञ. ते स्वतः निष्ठावंत कॅथलिक होते. विज्ञान आणि श्रद्धा एका माणसाच्या ठायी नांदू शकतात, हे ओझानामने ग्रंथात वाचण्याआधी घरात पाहिले.

समविचारी विद्यार्थी हळूहळू जमत गेले. वर्गात प्राध्यापकांनी धर्मावर टीका केली, की हे विद्यार्थी आपले आक्षेप लेखी स्वरूपात त्यांच्याकडे पाठवीत. सोर्बोनमधील तत्त्वज्ञानाचे अध्यापक जूफ्र्वा यांना अशा आक्षेपांची दखल घ्यावी लागली. पुढे एमान्युएल बेली या वृत्तपत्रचालक गृहस्थांच्या आश्रयाने एक इतिहास-परिषद भरू लागली. तिची विशेष गोष्ट अशी, की ती केवळ श्रद्धावानांसाठी नव्हती. नास्तिक, व्हॉल्तेअरचे चाहते, सँ सिमाँचे अनुयायी, सर्वांना तेथे बोलण्याची मुभा होती. आपल्या विचारांच्या माणसांनाच व्यासपीठ देणाऱ्या आजच्या मंडळांनी या एका गोष्टीची तरी नोंद घ्यावी.

पुढचे सारे या खुलेपणातूनच निघाले. सँ सिमाँचे अनुयायी हे समाजवादाचे आद्य प्रवर्तक. सर्वांत दरिद्री वर्गाची उन्नती हे समाजरचनेचे उद्दिष्ट असले पाहिजे, असे ते मांडीत. त्यांच्यापैकी एकाने एके दिवशी सरळ विचारले, की ख्रिस्ती धर्माने भूतकाळात मोठी कामे केली हे मान्य; परंतु आज तुम्ही गरिबांसाठी काय करता? वाद जिंकण्याची सवय असलेल्या त्या तरुणांजवळ या प्रश्नाला उत्तर नव्हते. चर्चच्या रुग्णालयांची आणि अनाथाश्रमांची यादी त्यांना वाचून दाखवता आली असती, किंवा प्रश्नकर्त्याच्या हेतूविषयी शंका घेता आली असती. वादविवादात आपण नेहमी यांपैकीच काही करतो. त्यांनी मात्र प्रश्न आपल्यालाच विचारला गेला आहे असे मानले. त्याच संध्याकाळी ओझानाम आणि त्याचा एक मित्र आपल्याजवळ उरलेले जळाऊ लाकूड एका गरिबाच्या घरी पोचवून आले, अशी आठवण सांगितली जाते.

२३ एप्रिल १८३३ रोजी, म्हणजे ओझानामच्या विसाव्या वाढदिवशी, सहा विद्यार्थी आणि वयाने वडील असलेले बेली यांची पहिली बैठक झाली. उत्साह होता, पण गरिबांच्या घरी जायचे कसे आणि बोलायचे काय, हे त्यांतील कोणालाच ठाऊक नव्हते. ते त्यांना शिकवले मुफतार या दरिद्री वस्तीत वर्षानुवर्षे काम करणाऱ्या सिस्टर रोझली रांद्यू या धर्मभगिनीने. वर्षभरापूर्वीच, १८३२ साली, पटकीच्या साथीने पॅरिसमध्ये अठरा हजारांवर माणसे दगावली होती, आणि या वस्तीतील घरोघरची स्थिती तिला ठाऊक होती. तिने कुटुंबांची नावे दिली, आरंभी अन्नाच्या चिठ्ठ्याही आपल्याजवळच्या दिल्या. विद्यार्थ्यांनी घरे वाटून घेतली. आठवड्याला बैठक, प्रार्थना, प्रत्येक कुटुंबाच्या परिस्थितीची चर्चा आणि शेवटी गुप्तपणे वर्गणी. कोणी किती टाकले हे दुसऱ्याला कळत नसे. ज्याच्याजवळ कमी आहे त्याला संकोच वाटू नये आणि ज्याच्याजवळ अधिक आहे त्याला मिरवता येऊ नये, एवढी काळजी त्या साध्या रीतीत होती.

बाहेरचे हे काम आणि आतला स्नेह यांचे नाते मोठे लक्षणीय आहे. घरापासून दूर, खोल्या घेऊन राहणाऱ्या या मुलांना मैत्रीची गरज होतीच. ती मैत्री दृढ झाली ती एकमेकांकडे पाहत बसल्याने नव्हे, तर एकाच जिन्याने बरोबर वर चढल्याने. या मैत्रीचीही परीक्षा झाली. १८३४ च्या अखेरीस सदस्यसंख्या शंभराच्या वर गेली, तेव्हा मंडळाचे भाग करावेत असे ओझानामने सुचवले. वाद विकोपाला गेला, कारण जिवलगांपासून दूर व्हावे असे कोणालाच वाटत नव्हते. शेवटी भाग पाडले गेले. तसे झाले नसते, तर ते एका पिढीच्या मित्रांचे सुखद वर्तुळ राहिले असते आणि त्या पिढीबरोबर संपले असते. संत व्हिन्सेंट द पॉल यांच्या नावाने चालणारी ही संस्था आज सुमारे दीडशे देशांत काम करते. भारतातही तिच्या शाखा आहेत, आणि मुंबई-वसईकडील धर्मग्रामांतून तिचे नाव परिचयाचे आहे.

येथे अर्थशास्त्राचा विद्यार्थी आक्षेप घेईल. चिठ्ठ्या वाटून दारिद्र्य हटते काय? दानधर्माने देणाऱ्याचे समाधान होते, घेणाऱ्याची लाचारी टिकते आणि मजुरीचा मूळ प्रश्न बाजूला राहतो. हा आक्षेप रास्त आहे. पण ओझानाम त्या खोल्यांतून जे शिकला ते चिठ्ठीपुरते नव्हते. १८३९-४० मध्ये लिआँ येथे व्यापारी कायद्यावर व्याख्याने देताना त्याने मजुरीचा प्रश्न मांडला. मजुराला मिळणाऱ्या वेतनात त्याचा निर्वाह, मुलांचे शिक्षण आणि म्हातारपणाची तरतूद, इतके सारे भागले पाहिजे, अशी त्याची भूमिका होती. मजुरी ही इतर वस्तूंच्या किमतीसारखी मागणी-पुरवठ्यानेच ठरावी, असे मानणाऱ्या अर्थशास्त्राचा तो काळ होता. कामगारांनी संघटित होणे फ्रान्समध्ये १७९१ च्या कायद्याने निषिद्ध होते, आणि कामगार संघांना तेथे पूर्ण कायदेशीर मान्यता मिळाली ती १८८४ साली. मजुरीच्या न्यायाविषयी पोप तेराव्या लिओंचे प्रसिद्ध परिपत्रक निघायला १८९१ साल उजाडावे लागले. जे चर्चने अधिकृतपणे सांगितले त्याचा मोठा भाग एका तरुण अध्यापकाने पन्नास वर्षे आधी वर्गात सांगितला होता.

तरीही त्याच्या मंडळाला सारे साधले असे म्हणता येणार नाही. १८४८ च्या जूनमध्ये पॅरिसच्या कामगारांचा उठाव झाला. रक्तपात थांबवावा म्हणून ओझानाम आणि त्याच्या मित्रांनी आर्चबिशप आफ्र यांना मध्यस्थीची विनंती केली. आफ्र अडथळ्यांच्या रांगेपाशी गेले, गोळी लागून जखमी झाले आणि मरण पावले. पंधरा वर्षे घरोघर जाऊनही दोन वर्गांमधील दरी बुजली नव्हती. मात्र दरी किती खोल आहे हे ओळखणाऱ्यांत ही माणसे होती. १८५३ साली, वयाच्या चाळिसाव्या वर्षी, ओझानाम मार्सेय येथे वारला. १९९७ साली पोप दुसरे जॉन पॉल यांनी पॅरिसच्या नोत्र दाम कॅथीड्रलमध्ये त्याला धन्य घोषित केले.

त्या चाळिशीपलीकडे आलेला प्रस्तुत लेखक दरवर्षी वेतनाचे सिद्धांत शिकवतो. काही वर्षांपूर्वी आम्ही विद्यार्थ्यांना एका झोपडपट्टीच्या पाहणीसाठी नेले होते. छापील तक्ते होते, कुटुंबातील माणसे, उत्पन्न, कर्ज असे रकाने होते. मुलांनी ते चोख भरले. निघताना एका बाईने एका मुलीला विचारले, ‘पुन्हा कधी येणार?’ मुलीने माझ्याकडे पाहिले, आणि मी घड्याळाकडे. आम्ही पुन्हा गेलो नाही. अहवाल तयार झाला, गुण मिळाले, तक्ते कपाटात गेले. दोष विद्यार्थ्यांचा नव्हता. त्या पाहणीच्या आराखड्यात दुसऱ्या भेटीसाठी रकानाच नव्हता, आणि आराखडा माझा होता.

त्या सहा जणांकडे पाहणीचे शास्त्र नव्हते. दुसऱ्या आठवड्यात पुन्हा जायचे, एवढाच त्यांचा नियम होता, आणि पुन्हा गेल्याशिवाय गरिबाचे उत्पन्न कळते, गरीब कळत नाही. त्यांना हे बळ श्रद्धेने दिले हे मान्य करायला अश्रद्धाला अडचण वाटू नये, आणि त्यांना जागे केले ते एका विरोधकाने हे मान्य करायला श्रद्धावानालाही वाटू नये. मंडळ कोणत्याही धर्माचे असो वा कोणत्याच धर्माचे नसो, त्याच्या बैठकीत तो प्रश्न विचारणारा एक तरी परका बसलेला असावा. आमच्या विभागाची पुढची पाहणी ठरेल तेव्हा तक्त्यात एक रकाना वाढवायचा, असे मी मनाशी ठरवले आहे. तो भरण्याची जबाबदारी विद्यार्थ्यांआधी माझी असेल.