मंडळी आणि पाळक

लाल शाईचे पेन हातात आले की मराठीच्या मास्तराला आपण सर्वज्ञ असल्याचा भास होतो. मीही त्याला अपवाद नाही. दोन वर्षांपूर्वी निबंधाच्या वह्या तपासताना एका विद्यार्थिनीचे वाक्य समोर आले : 'आमच्या मंडळीने पाळकांना निरोप दिला.' एवढ्याशा वाक्यात दोन चुका! मी 'मंडळीने'चे 'मंडळींनी' केले, 'पाळकांना'चे 'पालकांना' केले आणि वर एक गुणही कापला.

वह्या परत दिल्यावर ती मुलगी तास संपताच माझ्याकडे आली. भांडायला नव्हे. "सर, मंडळी म्हणजे आमचं चर्च आणि पाळक म्हणजे तिथले धर्मगुरू," ती हळूच म्हणाली. "आमच्या घरी आजीपासून सगळे असंच बोलतात. मग परीक्षेत आम्ही कोणती मराठी लिहायची?"

मला उत्तर सुचेना. रॉयल वाइल्डर हे अमेरिकन मिशनरी कोल्हापुरात आले ते १८५२ साली. त्यांच्या नावाचे चर्च आजही शहरात उभे आहे आणि त्याच्यावरून मी शेकडो वेळा गेलो आहे. पण आत पिढ्यान्‌पिढ्या बोलली जाणारी मराठी मी कधी कान देऊन ऐकलीच नव्हती.

त्या रात्री पुस्तके काढून बसलो. बायबलचा नवा करार मुळात ग्रीक भाषेतला. त्यातला 'एक्लेसिया' हा शब्द इमारतीचा नव्हे, एकत्र बोलावलेल्या माणसांच्या सभेचा आहे. त्याला 'मंडळी' म्हणणाऱ्याने अर्थ अगदी नेमका पकडला. 'पाळक' तर त्याहून सरस. इंग्रजीतला 'पास्टर' हा मूळचा लॅटिनमधला मेंढपाळ. आणि मेंढरे घेऊन जाणारे धनगर पाहत वाढलेल्या कोल्हापूरकराला त्याचा अर्थ वेगळा समजावून सांगायला नको. इजिप्तच्या गुलामगिरीतून सुटल्याच्या आठवणीचा यहुद्यांचा एक सण आहे. त्या रात्री मृत्यू त्यांची घरे ओलांडून पुढे गेला, म्हणून मराठी बायबलात त्याचे नाव 'वल्हांडण'. हा शब्द निवडणाऱ्याचा कान किती अस्सल असेल!

अर्थात प्रत्येक शब्दावर एकमत नाही. प्रॉटेस्टंटांनी 'बाप्तिस्मा' हा ग्रीक शब्द तसाच ठेवला, कॅथलिक 'स्नानसंस्कार' म्हणतात. एकाचा 'वधस्तंभ', तर दुसऱ्याचा पोर्तुगीजांकडून आलेला 'क्रूस'. 'नाताळ' आणि 'पाद्री' हेही पोर्तुगीजांचेच देणे. ते मात्र आपण सारेच बिनदिक्कत वापरतो.

ही शब्दांची शोधाशोध चारशे वर्षांची आहे. फादर थॉमस स्टीफन्स हे इंग्रज जेझुइट १५७९ साली गोव्यात आले. त्यांचे सुमारे अकरा हजार ओव्यांचे 'ख्रिस्तपुराण' १६१६ साली रोमन लिपीत छापले गेले. स्वर्गाला त्यांनी खुशाल 'वैकुंठ' म्हटले! पंडिता रमाबाईंना मात्र अशी उसनवारी मानवली नाही. संस्कृतच्या ज्ञानासाठी कलकत्त्यात 'पंडिता' आणि 'सरस्वती' या पदव्या मिळवलेल्या या विदुषीने, साध्यासुध्या बायकांना कळावे म्हणून सोप्या मराठीत बायबल आणायचे ठरवले. त्यासाठी त्या हिब्रू आणि ग्रीक शिकल्या. केडगावच्या मुक्ती मिशनमधल्या स्त्रियांनी छपाईला हात लावला. १९२२ साली रमाबाई वारल्या. ग्रंथ १९२४ साली बाहेर पडला. पुढे फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांनी 'सुबोध बायबल' लिहिले आणि २०२० साली उस्मानाबादच्या साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष झाले.

यातले पुष्कळसे मी वर्षानुवर्षे वर्गात सांगत आलो आहे. स्टीफन्स, बाबा पदमनजी, रेव्हरंड टिळक अशी नावे 'ख्रिस्ती मराठी वाङ्मय' या मथळ्याखाली फळ्यावर लिहायची आणि परीक्षेपुरती एक टीप द्यायची. पण त्याच मराठीत घरी बोलणारी मुलगी तिसऱ्या बाकावर बसली आहे, हे माझ्या ध्यानात आले नव्हते. पुस्तकातल्या मराठीला मी मान देत होतो आणि वहीतल्या मराठीवर लाल रेघ मारत होतो.

दुसऱ्या दिवशी तिची वही मागून घेतली, माझ्याच दुरुस्त्या खोडल्या आणि कापलेला गुण परत दिला. "अगं, परीक्षेतही हेच लिहायचं," मी म्हणालो. "तपासणाऱ्याला कळलं नाही, तर चूक त्याची." मग तेच वाक्य फळ्यावर लिहून अर्थ तिलाच सांगायला लावला. एरवी तोंड न उघडणारी ती मुलगी दहा मिनिटे बोलत होती.

त्या वर्षी नाताळात तिच्या आजीचा निरोप आला, "सरांना म्हणावं, एकदा आमची मंडळी बघायला या."

मी गेलो. अर्थात आमच्या मंडळींना बरोबर घेऊन!