नाकातलं शिसं

पहाटे साडेपाच. आज रजा टाकली आहे. रस्त्यावर गाड्या सुरू झाल्या की धूळ आत येते आणि प्लास्टिक जोडायच्या ओल्या सिमेंटवर बसलेला कण पुढे रंगाखालूनही दिसतो. म्हणून खिडकी बंद, टेबल ओल्या फडक्यानं पुसलेलं. समोर बी-२४ लिबरेटरचं १:७२ मापाचं किट. खऱ्या बॉम्बरचे पंख या टोकापासून त्या टोकापर्यंत ११० फूट, माझ्या टेबलावर साडेशेहेचाळीस सेंटिमीटर.

साडेसहा. धडाचे दोन्ही भाग नुसते टेपनं जोडले, पंख लावले आणि चाकं येतील तिथे खाली दोन पेन्सिली ठेवल्या. शेपूट धपकन टेकली. दुसऱ्या महायुद्धातली बरीचशी बॉम्बर शेपटीकडच्या चाकावर बसायची; लिबरेटरचं तिसरं चाक नाकाखाली. त्यामुळे नाकात वजन भरावंच लागतं, तेही धड बंद करण्याआधी. माझ्या पहिल्या लिबरेटरच्या वेळी मी ते विसरलो. ते आजही कपाटावर टेकू लावून उभं आहे.

गळाला लावतात त्या शिशाच्या गोळ्या वैमानिकांच्या बैठकीखाली चिमट्यानं एकेक सोडत गेलो. प्रत्येक गोळीनंतर पुन्हा पेन्सिली. एक्केचाळीस ग्रॅमला नाक खाली आलं. चार ग्रॅम वर घातले, कारण शेपटीवरचे दोन उभे पंख आणि रंगाचं वजन अजून चढायचं आहे. गोळ्या अ‍ॅरल्डाइटनं पक्क्या केल्या. एक जरी सुटी राहिली तरी आयुष्यभर आत खुळखुळते.

नऊ. धड बंद. पातळ सिमेंटात बुडवलेल्या ब्रशचं टोक फटीला लावलं की सिमेंट आपसूक फटीतून पळत जातं. मग दोन्ही बाजूंनी दाबायचं. विरघळलेल्या प्लास्टिकचा केसाएवढा वरंबा वर आला, म्हणजे सांधा धरला.

अकराला पंख. डावा-उजवा सारखा आहे का, ते भिंतीवरच्या कालनिर्णयाच्या चौकटींशी ताडून पाहिलं.

दुपारी जेवण, भाजी, बँक.

तीन. डीकॅलच्या, म्हणजे विमानावर चिकटवायच्या खुणांच्या पानावर अमेरिकी तारे आहेत, ते बाजूला ठेवले. माझ्या विमानावर केशरी-पांढरं-हिरवं चक्र येणार. अमेरिकेत १८ हजारांहून जास्त लिबरेटर बनली. त्यातली काही ब्रिटिशांनी युद्धानंतर कानपूरला टाकली, आणि पुन्हा कोणी उडवू नयेत म्हणून मोडून टाकली. बंगळूरच्या हिंदुस्थान एअरक्राफ्टच्या माणसांनी त्या भंगारातून चाळीसच्या आसपास विमानं उभी केली. वैमानिक जमशेद मुन्शी यांनी ती कानपूरहून बंगळूरला उडवत नेली. अर्धवट दुरुस्त केलेलं, चार इंजिनांचं ते धूड! पुढे ती १९६८पर्यंत आपल्या हवाई दलात होती. १९७४ साली त्यातलंच एक भारतानं ब्रिटनच्या हवाई दल संग्रहालयाला भेट दिलं. ज्यांनी मोडलं त्यांनाच आपण ते धड करून परत दिलं, याचा मला फार अभिमान वाटतो. म्हणून तारे नकोत.

पाच. सांध्यावर पाण्यातला पॉलिश पेपर, आधी सहाशे नंबर, मग हजार. नखाला सांधा लागेनासा होईपर्यंत.

साडेसहा. खालच्या मजल्यावरचे आप्पा आले. नव्वदीला टेकलेत. लोहगावला लिबरेटरवर फिटर होते.

"रंग नाही दिला अजून?"

"पुढच्या रविवारी, आप्पा. हातात घ्या ना, सांधा वाळलाय."

त्यांनी घेतलं नाही. पेन्सिलींवर ठेवलेल्या विमानाकडे वाकून पाहत राहिले. "मागं माणसं चढली की शेपूट बसायची रे. आम्ही खाली टेकू लावायचो. तुझा टेकू कुठाय?"

"नाही लागत. नाकात शिसं घातलंय."

आप्पांनी बोटानं शेपूट हलकेच खाली दाबली आणि सोडली. नाक खाली आलं. त्यांनी पुन्हा दाबली.